बर्फाचा शब्द

कोहमरी,
१९ जानेवारी १९३४

सौ. आक्कास गेणूचा शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. इथं उत्तरेच्या डोंगरात बर्फाने खालचा रस्ता बंद झालाय, त्यामुळे हे पत्र केव्हा निघेल कोण जाणे. लष्करी इस्पितळात जखमा बांधायचं माझं काम तसंच चालू आहे. आपल्या मालेगावचे सलीमभाई इथं कारकून आहेत. दोघे शेगडीपाशी बसतो, ते मला इंग्रजी शिकवतात. मी शेगडीपासून जरा लांबच बसतो.

काल त्यांनी ‘थॉ’ हा शब्द सांगितला. गोठलेलं सुटून पाणी व्हायला लागलं की थॉ. आणि दोन माणसांचं बोलणं बंद असलं, नि त्यातल्या एकाचं मन जरा सैल झालं, तर तेही थॉच. मला आधी हसू आलं. मग बाबा आठवले.

आपल्या मंगळूदादाच्या अंगावर भट्टीतलं पितळ सांडून तो गेला, त्याला आता पाच वर्षं होतील. मी भट्टीपाशी उभा राहणार नाही म्हणालो, बाबा म्हणाले की मग या घरातही उभा राहू नकोस. त्यानंतर त्यांच्या तोंडून माझं नाव निघालंय का, खरं सांग. आणि या शब्दाला आपल्यात काय म्हणायचं तेही कळव.

लोभ आहेच, तो असाच असू दे.
तुझा गेणू

नाशिक,
११ फेब्रुवारी १९३४

चि. गेणूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या इंग्रज साहेबांकडे शब्दांची टंचाई दिसते. आपल्यात तूप पातळ होतं, गूळ विरघळतो, पितळ वितळतं आणि माणूस पाघळतो. आपले बाबा यातलं काहीच करत नाहीत.

माझ्या घरचं आटोपून मी दुपारी त्यांच्याकडे भाकऱ्या टाकायला जाते. तुझं पत्र तिथंच, चुलीपुढे बसून मुद्दाम मोठ्याने वाचते. आजवर ते पहिल्या ओळीलाच उठून गंगेवर निघून जात. या खेपेला ओसरीवर घंटेला कानस मारत बसून राहिले. पत्र संपल्यावर त्यांनी विचारलं, त्या बर्फात पाय किती रुततो. मी म्हटलं, लिहून विचारते. नाव मात्र घेतलं नाही, खोटं कशाला सांगू.

तू जेवतोस ना नीट? फोटोत गालफडं बसलेली दिसतात. यायचं कधी ते लिही. माझ्या धाकट्याला मामा म्हणजे फोटोच वाटतो.

माया कमी करू नकोस.
आक्का

कोहमरी,
९ मार्च १९३४

सौ. आक्कास सा. न. वि. वि.

बाबांना सांग, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. आता रस्ता मोकळा होतोय, छपरावरून दिवसभर पाणी गळतं. रजा मंजूर झाली आहे. पण मी येणार नाही.

रागाने लिहीत नाही. तांबट आळीतली ठोकाठोक झोपेतही कानात असते. जागा झालो की इथं सगळं गप्प असतं. तुझ्या हातचं पिठलं, गंगेचं पाणी, सगळं हवं आहे. पण दारात उभा राहिलो आणि बाबांनी पाठ फिरवली, तर पुन्हा एवढ्या लांब इथं येण्याचं बळ मला राहायचं नाही. त्यांनी एकदा ‘ये’ म्हणावं. तेवढंच.

तुझा गेणू

नाशिक,
२० मार्च १९३४

चि. गेणूस आशीर्वाद.

तुझं पत्र मी त्यांच्यापुढे सगळं वाचलं. काही गाळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाबा अंगणातली भट्टी पाडत होते. एकटेच, हातात पहार, डोक्यापासून पायापर्यंत राख. मला वाटलं त्यांना वेड लागलं. शेजारचा केरू ओतारी धावत आला, हात धरू लागला, तर त्याला म्हणाले की यापुढे ओतकाम तुझ्या भट्टीवर, मी घासून-पुसून देईन. आपल्या आज्याने बांधलेली भट्टी, गेणू.

मी विचारलं, असं का केलंत. सुटलेल्या विटा रचत राहिले. मग म्हणाले, “दादा गेल्यावर गेणू मोरीकडे जायचा तो मागच्या बोळातून, भट्टीला वळसा घालून. मला दिसत होतं.”

ते ‘ये’ म्हणायचे नाहीत. त्यांना ते जमत नाही. तू त्या शब्दासाठी अडून बसू नकोस, एवढं थोरल्या बहिणीचं ऐक.

आक्का

कोहमरी,
२८ मार्च १९३४

तीर्थरूप बाबांचे चरणी गेणूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आक्का हे तुम्हाला वाचून दाखवील. परवा निघतो.

इथं भाजलेली माणसं येतात. त्यांच्या पट्ट्या मीच बांधतो. पहिल्या वर्षी मी मागे सरायचो, आता सरत नाही. विटा टाकून देऊ नका. भट्टी पुन्हा बांधायची की नाही ते मी आल्यावर ठरवू. बाबा, दादाबद्दल आपण दोघे कधी बोललोच नाही. आधी तेवढं बोलू.

आपला,
गेणू