डोकेदुखीची शिरगणती

३ तारीख, सकाळ
आजपासून सर्व्हे. क्लस्टर हेडेकचे पेशंट शोधायचे. एका डोळ्यामागे जीवघेणी कळ, त्याच डोळ्यातून पाणी, रोज ठरल्या वेळी. माणूस एका जागी बसूच शकत नाही. हजारात एखाद्यालाच होतो. आपल्या वॉर्डात किती, ते मी मोजणार. हॉस्पिटलचे सर म्हणाले, महिनाअखेर एकही केस मिळाली नाही तर प्रोजेक्ट बंद, तुमची नोकरीही. मिळणारच! माझी नजर घारीची आहे.

९ तारीख
एकही नाही. लोक थापा मारतात. एक शिंपीकाका डोळा चोळत होते. म्हणे चष्म्याचा नंबर बदललाय. चांगलं झापलं त्यांना, की लोक चष्म्यामागे आजार लपवतात.
चार वाजता माझा डावा डोळा भयंकर ठणकला. नंबर बदललाय बहुतेक.

१४ तारीख
पुन्हा चारलाच. कुणीतरी डोळ्यात स्क्रू पिळतंय. नवा चष्मा घेतला. दुपारचा राउंड बंद. सकाळीच दुप्पट घरं करायची.

१५ तारीख
नव्या चष्म्यातूनही तेवढंच दुखतं. दुकानदार चोर आहे.

१९ तारीख
बायको म्हणाली, रोज चारला गॅलरीत येरझारा घालता, भिंतीवर डोकं आपटता, डावा डोळा गळतो. तुम्हालाच झालाय तो क्लस्टर की काय तो. तिला समजावलं, मोजणारा स्वतःला मोजत नसतो. मला टेन्शन आहे. शिवाय सायनस. शिवाय उशी वाईट आहे. मग शिंप्याला कशाला झापलंत, म्हणाली. काहीतरीच बोलते.

२४ तारीख
वॉर्ड संपत आला. केस शून्य. नोकरी जाणार. देवा, एक तरी माणूस दे रे! एकच! गॅलरीत ढसाढसा रडलो. डावा डोळा जरा जास्तच रडला.

२८ तारीख, संध्याकाळ
सरांना शून्य सांगायला गेलो आणि केबिनमध्येच चार वाजले. टेबलाभोवती गरागरा फिरलो. सर बघत राहिले. मग त्यांनी माझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, म्हणाले क्लस्टरवर हाच उपाय. थोड्या वेळात कळ गेली. पार गेली! लहान मुलासारखा रडलो. सरांनी माझेच प्रश्न मला विचारले. सगळ्यांना हो.
सर खुशीत म्हणाले, सापडला एक! प्रोजेक्ट वाचला.
म्हटलं, उद्यापासून तिप्पट घरं करतो.
म्हणाले, छे छे, आता तुम्ही पेशंट. पेशंटने मोजायचं नसतं. उद्या दुसरा माणूस येतोय.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, जाऊ द्या हो, चष्मा तरी छान दिसतो.