देवीची राई आणि माझी सही

११ फेब्रुवारी
लिहायला बसले, कारण दावा परत आला आणि चूक माझी आहे.

वाघजाईच्या शिखरावरच्या जंगलाचा सामूहिक वनहक्क मागितला होता. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, जंगलातून काय आणता? वरच्या धनगरवाडीच्या अंबूबाई ताठ उभ्या राहिल्या. "काडीबी न्हाई आणत. देवीची राई हाय." आम्ही सगळे खूश. समितीची सचिव मी — तेच वाक्य पंचनाम्यात घातलं, खाली सही ठोकली. आज पत्र: वापर नाही, म्हणून हक्क नाही.

तीस वर्षं मुलांना प्रश्न नीट वाचायला शिकवलं. धन्य!

१२ फेब्रुवारी
वर गेले. दोन तासांचा चढ. गुडघ्यांचं ऐकलं नाही. अंबूबाईंनी माझं ऐकलं नाही. "देवीचं घेतो म्हणून लिवून देऊ? सात पिढ्या राखली, आन आता चोर ठरू?"

रात्री वाडीवरच मुक्काम टाकला.

१४ फेब्रुवारी
विचारणं बंद केलं. वाडीवरच राहिले, बघत बसले. झऱ्याचं पाणी. उन्हात वाळणारा हिरडा. उतारावर शेरडं. चुलीला जंगलातली वाळून पडलेली फांदी — तीही राईबाहेरची. सगळं टिपलं. अंबूबाईंचा नातू गोरख म्हणाला, "बाई, आता शेरडांचीबी हजेरी घ्या."

संध्याकाळी यादी वाचून दाखवली.

"हे व्हय? हे आमी आणत न्हाई. ती देती."

"मग 'देवी देते' असंच लिहू?"

"लिवा. ह्यात खोटं काय न्हाई." अंगठा उठवला.

राईतली काडी न मोडता ही माणसं इतकी नेटकी जगतात. अभिमान वाटला. या वेळी तपासून घेतला — खराच होता.

१५ फेब्रुवारी
उतरताना यादी पुन्हा वाचली. दावा आमच्या खालच्या गावाच्या नावाने. यादीत आमचं काय? वर्षाला एक नारळ वाहतो, तोही प्रसाद म्हणून परत आणतो.

२३ फेब्रुवारी
सरपंच आबांना स्पष्ट सांगितलं, दावा वाडीच्या नावाने हवा. ते म्हणाले, "बाई, नाव आपलंच ऱ्हाऊ द्या. वाडीवाल्यांना कोण अडवतंय?"

"आज कोणी नाही," मी म्हटलं. ते चहा न घेता उठले.

३ मार्च, भोर
प्रांत कचेरीत सुपूर्द: अंबूबाईंचा जबाब. हद्दीचा नकाशा. धनगरवाडीचा स्वतःचा दावा. आमच्या गावाने दावा मागे घेतल्याचा ठराव — ग्रामसभेत यादी ऐकल्यावर पहिली सही आबांची.

पोच अंबूबाईंच्या हातात दिली.