सहीची कोरी पानं

प्रिय गोवर्धन,

नऊ वर्षांनी लिहितोय. आधी तब्येत विचारायची रीत आहे, पण तुझी खबर मला आहे, ती पुढे सांगतो. माझं म्हणशील तर गुडघे गेले, दात गेले आणि नगरसेवकपणही गेलं. यंदा मी उभाच राहिलो नाही, असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे पक्षाने विचारलंच नाही. पंचवीस वर्षं जुन्या शहरातून निवडून आलेला अब्दुल गफ्फार आता दारात खुर्ची टाकून बसतो. परवा शेजारची नातीएवढी पोरगी विचारत होती, चाचा, तुमी पयले काय करत होते? काय सांगू तिला? नाल्या काढल्या, दिवे लावले आणि सह्या केल्या. जास्त करून सह्याच.

आठवतं का, रहिवासी दाखल्यासाठी सकाळपासून माझ्या दारात बायका बसायच्या आणि मी कुठल्या तरी सभेत नाहीतर मयतीत. मग मीच शक्कल काढली. लेटरहेडच्या कोऱ्या पानांवर खाली सही करून गठ्ठा तुझ्या भाजीच्या ओट्यावर ठेवायचा. मेथीच्या जुड्या बाजूला सारून, ओले हात पायजम्याला पुसून तू नाव-पत्ता भरायचास. मराठी शाळेत आपण एकाच बाकावर होतो, पण अक्षर तेवढं तुझ्याच वाट्याला आलं. "कोऱ्या कागदावर सही करून राहिला गफ्फार, एक दिवस पस्तावशीन," असं तू म्हणायचास आणि मी हसायचो. पानं बिस्किटाच्या डब्यात आणि सोबत वही, कुठलं पान कुणाला दिलं त्याची. कुणाचं रेशन कार्ड झालं, कुणाचं पोर शाळेत गेलं. दुवा मला मिळायची, काम तुझं होतं.

मग मोर्णा नदीकाठचे भाजीबाजाराचे चौदा ओटे पाडले. सकाळी भाजी घेऊन आलेल्या माणिकबाई विटांच्या ढिगावर वांग्याची टोपली ठेवून रडत होत्या. "भाऊ, आमचे ओटे कावून पाडले?" एवढंच पुन्हा पुन्हा. दुपारी कागद बाहेर आला. ओटे काढायला नगरसेवकाची हरकत नाही. लेटरहेड माझं, सही माझी.

निवडणूक दोन महिन्यांवर होती. चौकात लोकांनी मला घेरलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की माझ्या सहीची कोरी पानं तर गोवर्धनकडे असतात, त्याने कुणाला एखादं दिलं असेल तर मी काय करू? गोवर्धन, तू तिथेच उभा होतास. तुझाही ओटा त्या चौदांत होता, तरी लोकांनी माझंच खरं मानलं. संध्याकाळी डबा आणि वही माझ्या दारात ठेवून गेलास आणि महिन्याभरात बिऱ्हाड अमरावतीला हलवलंस. मी निवडून आलो.

वही मी त्याच दिवशी तपासली होती. एक पान इकडचं तिकडे नव्हतं. आणि तपासायची गरज काय होती? बाजाराची नवी इमारत होणार म्हणून एक माणूस माझ्या लेटरहेडवर मजकूर टाईप करून माझ्या घरी आला होता. मी चहा पीत होतो. सवयीने, न वाचता सही ठोकून दिली. तुला चोर ठरवताना मला हे सगळं ठाऊक होतं. माणिकबाई गेल्या वर्षी वारल्या, तुला शिव्या घालतच. मी खांदा द्यायला गेलो, तिथेही गप्प राहिलो.

तुझ्या रागिणीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा आता कोणालेच ओळखत नाहीत, मलेही नाही. लाज वाटते सांगायला, पण ते ऐकून आधी मला हायसं वाटलं. तुला यातलं काही कळणार नाही, हे कळल्यावरच मी लिहायला बसलो. नऊ वर्षांत झाली नाही ती हिंमत अशी झाली. रागिणीने वाचावं, वही सोबत पाठवतोय. माफी मागणार नाही, द्यायला तू उरला नाहीस. हे तुझ्याच डब्यातल्या पानांवर लिहिलंय, त्यामुळे खाली सही आधीचीच आहे. या वेळी वरचा मजकूर मात्र मी दोनदा वाचला.

तुझाच,
गफ्फार