पुष्पा विहिणीची स्तुती

बुधवार, ७ एप्रिल १९९९
नातू वाल्मिक म्हणजे हिरा. गुजराती मगनशेठच्या कॅसेटच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. आता वेबसाइटवर कॅसेटी विकायच्या म्हणे, म्हणून दर गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून ठेवायचा. द्राक्षवाला एक मणी चाखायला देतो ना, तसं. आज माझं लग्नातलं गाणं टेप केलं. आधी विहिणीला शिव्या, मग तिची स्तुती, ही आपली रीत. नाव पुष्पाबाईंचंच घातलं. नात रंजना, तिची ही सासू. लग्नात शेवयांवरून रुसली ती रुसलीच. स्तुती ऐकून विरघळेल, रंजनाला पहिल्या आखाजीच्या सणाला झोका खेळायला माहेरी धाडेल. कुणाला सांगायचं नाही.

गुरुवार, ८
फक्त शेजारणींना सांगितलं. आणि पिठाच्या गिरणीत. पुष्पाबाईंना डिंडोलीला निरोप धाडला, जावयाला घेऊन सायबर कॅफेत जा, तुमचं कौतुक ऐका.

शनिवार, १०
वाल्मिकला बजावलं, गोड भाग घे बरं. कानाला भोंगे लावलेले होते, तरी हो आजी म्हणाला. गुणाचं पोर.

सोमवार, १२
झोक्याचा दोर आणला. सांजोऱ्यांचा रवा भाजला. रंजना येणारच.

बुधवार, १४
घात केला मेल्याने! तुकडा कापला तो गाण्याच्या तोंडचा. ‘पुष्पा विहीण आली, शेवयांचं पातेलं चाटून गेली.’ बाया खदखदून हसतात, की संपलं. जावई सांगत होते, अख्खा कॅफे हसला. वाल्मिक म्हणे, शेठ बोलला, तिखट माल खपतो, गोड ऐकायचं तर लोकांनी कॅसेट घ्यावी. पुष्पाबाईंचा निरोप आला, स्तुती विकत घ्यायची आम्हाला सवय नाही, रंजना येणार नाही.
वाल्मिकला आज जेवायला वाढणार नाही.
वाढलं. वाळलाय फार.

शुक्रवार, १६
वाल्मिकशी अबोला. हे त्याला दोनदा सांगितलं, कळलं पाहिजे ना. कालपासून ओव्हरटाइम म्हणून उशिरा येतो. लाजला असेल. पुष्पाबाई मनाने वाईट नाही, ऐनवेळी धाडेल. झोका बांधून ठेवला.

रविवार, १८. आखाजी
रंजना नाही. दुपारी वाल्मिक म्हणाला, चल आजी, दुकानात गंमत ऐकवतो. माफी मागायची असेल, म्हणून गेले. मशीन लावलं. पुष्पाबाईंचा आवाज! ‘सुंदरा आजीचा तोरा, दात नाही तोंडात अन् सुपारीचा बोरा.’ म्हणजे मी. मेल्याचा ओव्हरटाइम डिंडोलीला चालला होता. आणि मागून झील धरणारी कोण? रंजना. माझ्या मांडीवर शिकली ती चाल. हसत होती कार्टी, अगदी पोटातून.
अर्धं मिनिट झालं. शेठ मला म्हणाला, बा, जोडी जोरदार चालणार.
मी म्हटलं, बरं, आता पुढची माझी स्तुती लाव.
वाल्मिक म्हणाला, आजी, त्यांनी एवढंच गायलं.