डाव्या पायावरची रेघ

आदरणीय दादा,

तुला वाकून नमस्कार. (वाकताना पोटरी दुखते, तेव्हा कागदावरचाच मानून घे.) वहिनींचे गुडघे काय म्हणतात? तुझ्या पाट्या-छपाईच्या मशीनची तब्येत उत्तमच असणार, त्याला कुठे शिडीवर उभं राहायचंय. दोन वर्षांनी पहिलं पत्र लिहितोय, त्यात मशीनला नावं ठेवायची नाहीत असं ठरवून बसलो होतो. वरचं वाक्य वाचलं नाहीस असं समज.

तर मी दवाखान्यात जाऊन आलो. काळजीचं काही नाही. तीस वर्षं शिडीवर उभं राहून पाट्या रंगवल्या (खाली तू शिडी धरून), त्याची पोचपावती डाव्या पोटरीवर जाड निळ्या शिरांनी उमटलीय. घोट्याच्या वर बटणाएवढी जखम आहे, ती सात महिने झाले तरी भरत नाही. शिरांच्या डॉक्टरीणबाईंनी, आपल्या मुलींच्या वयाच्या असतील, पायाला थंडगार जेल चोपडून मशीन फिरवलं. त्यातून आपल्याच रक्ताचा आवाज येतो, पाणी यायच्या आधी नळ सूंसूं करतो तसा. बाईंचं म्हणणं, शिरांमधल्या झडपा कामातून गेल्यात, वर चढायचं रक्त खालीच साचतं. शीर आतून बंद केली नाही तर जखम भरणार नाही, आणि चिघळली तर पुढे पायाचं सांगता येत नाही. तुझ्या भावजयीला मी यातलं अर्धंच सांगितलंय.

ऑपरेशनच्या सकाळी बाईंनी मला स्टुलावर उभं केलं आणि मशीनमध्ये बघत बघत मांडीपासून घोट्यापर्यंत काळ्या मार्करने शीर आखली. दादा, तिला रेघ म्हणायला जीभ रेटत नाही. एका जागी बारीक, एका जागी जाड, गुडघ्यापाशी तर हात उचलून पुन्हा टेकवलेला, जोड सरळ दिसतोय. आपल्या दुकानात असा जोड निघाला असता तर तू मला दिवसभर ब्रश धुवायला बसवलं असतंस. माझा नंबर लागायला दीड तास होता. डोळे मिटून पाहिले, भिंतीकडे तोंड करून पाहिलं, पण राहवेना. काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशात मार्कर होताच. पोटरीची मागची बाजू दिसेना, तेव्हा तुझ्या भावजयीने पर्समधला आरसा धरला (मला अडवायचं सोडून 'जरा डावीकडे घ्या' म्हणत होती). ट्रेवरच्या स्पिरिटच्या बोळ्याने जुनी रेघ पुसली आणि हात न उचलता एका दमात नवी ओढली. वळणं जरा सुबक केली. जरा म्हणजे बरीच. मग एका अंगाने पातळ सावलीही दिली, कारण सावलीशिवाय रेघ उठून दिसत नाही हे तूच शिकवलंस.

शेजारच्या कॉटवर एक सलूनवाले होते, त्यांचाही जन्म उभ्यानेच गेलेला. त्यांनी माझा पाय पाहिला, मग स्वतःचा पाहिला, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. आता अशा वेळी मी नाही कसं म्हणणार?

डॉक्टरीणबाई आल्या आणि माझ्या पायापाशी वाकल्या. "काका, ही सावली कसली?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नीट समजावून सांगितलं. मग त्यांनीही मला समजावलं, की जिथे रेघ तिथे सुई जाते, आणि शीर मला आवडो न आवडो, वाकडीच जाते. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. त्यांचा आणि माझा, दोन्ही पाय नव्याने तपासायला वेळ नव्हता, म्हणून दोन्ही ऑपरेशनं पुढच्या मंगळवारी गेली. सलूनवाले माझ्याशी बोलेनासे झाले (पाय मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते). मुख्य सिस्टरनी माझा मार्कर, तुझ्या भावजयीचा आरसा आणि कॉटच्या तक्त्याला बांधलेलं पेनसुद्धा जप्त केलं. तेव्हापासून मला वाटतंय, की दोन वर्षांपूर्वी दुकानात गिऱ्हाइकांसमोर तुझ्या मशीनला मी जे बोललो, तेही चुकलंच.

असो. ऑपरेशन किरकोळ आहे, भूल फक्त पायाला, संध्याकाळी घरी. तू येण्याची मुळीच गरज नाही. दुकान सोडून तर नकोच. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. मुख्य सिस्टरची अट आहे, की रेघ आखल्यापासून मला आत नेईपर्यंत माझ्या हातांवर लक्ष ठेवायला घरचं एक जबाबदार माणूस हवं. आरशामुळे तुझ्या भावजयीला त्यांनी नापास केलंय. मंगळवार, सकाळी सात.

आणखी एक ता. क. भूल फक्त पायाला, म्हणजे मी सगळा वेळ जागा असणार. दादा, मला भीती वाटते. ऑपरेशनचं टेबल आपल्या शिडीच्या तिसऱ्या पायरीएवढंही उंच नाही. पण मी वर असताना खाली तू असायचास (तुला उंचीची भीती, म्हणून का होईना), आणि खाली कोणी नसताना वर चढायची मला सवय नाही.

शेवटचं ता. क. फॉर्मवर नातेवाइकाच्या रकान्यात तुझं नाव मी आधीच घातलंय, टपोऱ्या अक्षरात, सावलीसकट. यायचं नसेल तर कळव, खोडून टाकीन. पण खोडाखोड केलेला कागद मला बघवत नाही, हे तुला माहीत आहे.