तबकडीतली हाक

४ जानेवारी, बारामती

आण्णांचा प्रवीण सकाळी येऊन गेला. पुण्याहून भिगवणला आईबापांकडे जाताना वाट वाकडी करून आला. पुतण्या गुणी आहे, पण दर खेपेला हातात काहीतरी चकचकीत असतं. आज 'तबकडी'ची, म्हणजे उडत्या तबकडीच्या त्या जुन्या इंग्रजी सिनेमाची, नवी डिस्क. पत्र्याचा डबा, आत पुस्तक, वर सोनेरी अक्षरं. "काका, रिस्टोअर केलीय. एकेक चित्र साफ केलंय." 

अर्धा तास बघितली आणि किळस आली. तबकडी ज्या तारेवर लोंबायची, जी बघून आम्ही पोरं हसायचो, ती तार पुसली. म्हाताऱ्या पोस्टमनच्या सुरकुत्या घासून काढल्या. आता तो कारखान्यातल्या नव्या गणपतीसारखा दिसतो. परग्रहावरचे ते लोक पूर्वी धुरकट आणि ओले दिसायचे, बघून घास उतरायचा नाही. आता प्लॅस्टिकचे. असल्यांना कोण भिणार?

फळीवर आता सगळं खानदान आहे. जुनी व्हिडिओ कॅसेट, तिची जागा सध्या रिकामी, प्रवीणने नेलीय. मग दोन सीड्यांचा संच. पहिली नेमकी तबकडी उतरताना संपायची, उठून दुसरी घालेपर्यंत भीती गार. मग डीव्हीडी, तिच्यात कुणी तरी जादा प्रसंग घुसडलेले. मग निळ्या डबीतली ब्लू-रे, तिचे रंग असे की तळं शाईचं वाटावं. प्रत्येक घेतली, प्रत्येकीला शिव्या घातल्या. बायको, सुमन, म्हणाली, "चव न्हाय म्हणता, अन् ताटबी सोडत न्हाय तुमी." बरोबर आहे.

७ जानेवारी

भिगवणला. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या आणि पक्षी बघायला निघालेले पुणेकर. एस.टी. दोघांच्या मधे.

आण्णा ओसरीत खुर्चीवर. लकव्यानंतर पाय जरा सुधारलाय, वाचा नाही. ज्या माणसाचा आवाज माईकशिवाय जत्रेच्या टोकाला जायचा, त्या माझ्या थोरल्या भावाला पाणी मागायला टेबल वाजवावं लागतं. संताप येतो. कुणावर ते माहीत नाही.

वहिनी चहा देताना हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ती बावड्याच्या जत्रेची कॅसेट हाय का वो अजून? ह्यांचा आवाज हाय तिच्यात. एकदा ऐकायचाय."

आहे. माझ्याकडेच होती. मागच्या महिन्यात प्र.ने नेली, इंदापुरात एकजण कॅसेटचं पेनड्राइव्हवर करून देतो म्हणून. तसं सांगितलं. वहिनी कपबशी उचलायची विसरल्या.

येताना सगळं आठवत आलो. गावोगावच्या जत्रेला व्हिडिओ भाड्याने आणायचो. इंग्रजी कळतंय कुणाला? आण्णा टीव्हीशेजारी माईक घेऊन उभे राहायचे आणि सगळा सिनेमा मराठीत सांगायचे. सांगायचे कसले, बेधडक रचायचे. त्या गोऱ्यांच्या गावाचं भिगवण केलं, तळ्याचं उजनीचं पाणी, टोपीवाल्या साहेबाचा सरपंच. तबकडी पाण्यातून वर आली की, "आरं बैलं सोडा, कडबा ऱ्हाऊ द्या, पळा!" 

आणि नायिकेचं नाव ठेवलं शांता. वहिनींचं नाव. घरात आण्णांनी वहिनींना नावाने हाक कधी मारली नाही. "ऐकलं का", नाहीतर "प्रवीणची आई". आमच्या घरात ती पद्धतच नव्हती. पण सिनेमात शेवटी नायिका भारल्यासारखी पाण्याकडे चालत निघते, नायक मागून ओरडतो. तिथे आण्णा पार पोटातून हाक द्यायचे. "शांते! मागं फीर!" बायका पदर तोंडाला लावायच्या. वहिनी घरी आल्यावर अबोला धरायच्या. खरा की लटका, ते आत्ता कळतंय.

एका साली बावडा आणि वडगाव, दोन्हीकडची जत्रा एकाच दिवशी आली. आण्णा वडगावला उभे राहिले. बावड्यासाठी मशीनला माईक जोडून पूर्ण कथा कॅसेटवर चढवून दिली. ती एकच कॅसेट.

११ जानेवारी

थू.

प्र. पेनड्राइव्ह घेऊन भिगवणला आला. मलाही बोलावलं. वहिनी ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. आण्णांची खुर्ची टीव्हीसमोर ओढली. चित्र आपल्याच कॅसेटचं, धुरकट, तार स्पष्ट दिसतेय. मी खूश. मग माणसांची तोंडं हलली आणि इंग्रजी. खणखणीत इंग्रजी. पुढे नेलं, मागे आणलं, तेच. आण्णांचा एक शब्द नाही.

प्र.ने तिथूनच दुकानदाराला फोन लावला. त्याचा आवाज खोलीभर:

"सायेब, त्या कॅसेटचा आवाज लई घाण व्हता. मागनं कोण तरी बाबा सारखा वरडत व्हता. तुमी नवी डिस्क दिली व्हती न्हवं संगट? तिचा आवाज काढून बसवला. त्येचं जादा कायबी लावलं न्हाय बगा."

आण्णांना ऐकू नीट येतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांनी टेबल वाजवलं नाही. तोंड भिंतीकडे फिरवलं. वहिनी "च्या टाकते" म्हणून आत गेल्या. चहा आत्ताच झाला होता.

अंगणात प्र.ला विचारलं, डिस्क कशाला दिलीस त्याला? "काका, माझ्याकडं दुसरी होती, क्वालिटी कशी पायजे ते कळावं म्हणून." क्वालिटी! बाप ओरडतोय ती क्वालिटी नव्हती होय रे? बोललो नाही. त्याचे डोळे आधीच भरलेले होते.

१२ जानेवारी

इंदापूर. प्र.च्या गाडीतून. दुकानात काचेमागे लग्नाचे अल्बम, समोर मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाचा फोटो, त्याचाही चेहरा घासूनपुसून गुळगुळीत. सगळ्या जगालाच हा रोग लागलाय.

"कॅसेट व्हय? एकदा कॉपी झाली की लोक न्हेतच न्हाईत वो. मागं पोत्यात असंल."

मागे म्हणजे मोरीच्या सांडपाण्याला लागून. पोतं खालून भिजलेलं. आत लोकांची लग्नं, बारशी, कुणाच्या तरी आजोबांची पंच्याहत्तरी, सगळं एकमेकांना चिकटून कुजतंय. वास असा की नाकाला रुमाल. प्र. कचेरीच्या बुटांवर उकिडवा बसून एकेक काढत होता. नावाची चिठ्ठी कशावरच शिल्लक नाही.

कुंकवाने ओळखली. पहिल्या खेळाआधी आण्णा मशीनपुढे नारळ फोडायचे आणि कॅसेटला कुंकवाचं बोट लावायचे. तो डाग काळपट होऊन बसलाय, पण आहे. खिडकीतून आतली फीत दिसते. तिला पांढरी बुरशी.

दुकानदार चहा घेऊन आला. "माजं कायतरी चुकलं का सायेब?" खरंच विचारत होता. त्याला कळलंच नव्हतं, म्हणून तर जास्त शिसारी आली. चहा घेतला नाही. प्र.ने घेतला.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन भिगवणला, सुमनसुद्धा. दुपारी आण्णांनी टीव्हीकडे बोट केलं. प्र. म्हणाला, नको आण्णा. परत बोट. लावला. इंग्रजी सुरू होताच आण्णांनी टेबलावर अशी थाप मारली की तिळगुळाची वाटी उलटली. प्र.ने आवाज पूर्ण बंद केला. मग ते निवांत टेकले.

मुका सिनेमा. तबकडी वर आली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी, पदराला हात पुसत:

"आरं बैलं सोडा. कडबा ऱ्हाऊ द्या."

मी चपापलो. वहिनी बाहेर येऊन बसल्या आणि सांगायला लागल्या. सरपंच, पोस्टमन, सगळं. त्यांनी तो सिनेमा किती वेळा ऐकला असेल, ते कधी डोक्यातच आलं नव्हतं. कुठे चुकल्या की आण्णांची थाप. "मंग काय म्हनायचात तुमी? व्हय, व्हय, आलं ध्यानात." परत बरोबर वाक्य. सुमन हसता हसता रडायला लागली. प्र.ची तर बसल्या जागी मूर्ती झाली होती.

शेवट आला. नायिका पाण्याकडे निघाली. नायकाने तोंड उघडलं.

वहिनी गप्प झाल्या. ती हाक त्यांची नव्हतीच. स्वतःला स्वतःच कशी मारणार? आण्णांकडे बघत राहिल्या. आण्णांची मान ताठ झाली, ओठ वाकडे झाले, गळ्यातून काहीतरी आलं. शब्द नव्हता. पुन्हा केलं. नव्हताच. मग त्यांना स्वतःचीच चीड आली आणि वाटी भिंतीवर गेली.

वहिनींनी फरशीवरचे तिळगूळ वेचले. "असूं दे," म्हणाल्या. "असूं दे की."

मला आजच्याइतका राग कधी आला नव्हता. त्या दुकानदाराचा नाही. जे काही घडलंय त्या सगळ्याचा.

१८ जानेवारी

पुण्यात जुन्या फिती दुरुस्त करणारा एकजण प्र.ने शोधलाय. फोनवर मीच बोललो. म्हणाला, "आधी साफ करावी लागेल." पुन्हा तोच शब्द. त्याला तीन वेळा बजावलं: बुरशी काढा, आवाजाला बोट लावू नका. खरखर राहू द्या, माणूस राहू द्या. म्हणाला, जिथे जास्त चिकटलीय तिथली फीत सोलवटून निघेल, भरवसा नाही.

कॅसेट आण्णांच्या उशाशी. देईनात. वहिनी म्हणाल्या, "द्या वो. गेली तर गेली, हितं तरी कुठं वाजतीया?" आण्णांनी नाकाशी नेली, वास घेऊन तोंड असं वेडंवाकडं केलं की मला हसू आलं, थेट माझंच तोंड. मग प्र.च्या हातात दिली.

२९ जानेवारी

दुपारी प्र.चा फोन. दम लागलेला.

"काका, आवाज आला."

"कुणाचा?"

"लई खरखर हाय, शब्द न्हाय कळत. पण इंग्रजी न्हाय, एवढं नक्की."

कुठवर झालंय विचारलं. तबकडी पाण्यातून वर येईपर्यंत निघालंय. रोज थोडी थोडी फीत सुटते. आणि शेवट? शेवटाकडे बुरशी जास्त आहे म्हणाला. ते काम अजून हातात घेतलेलं नाही.

हे वहिनींना सांगावं की नाही, ठरवत होतो. तेवढ्यात त्यांचाच फोन. प्र.ने तिथेही केला होता. काही विचारपूस नाही, सरळ:

"भाऊजी, कुठवर आलं?"

"तबकडी वर आलीय वहिनी."

मागे आण्णांचं टेबल वाजत होतं, पाणी पाहिजे असेल.

"मंग अजून लांब हाय," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.