डिकीतलं खवलं

ता. ३ नोव्हेंबर, सोमवार

प्राजे, भाऊबीजेला इथून तीन डबे घेऊन गेलीस. एकात करंज्या, एकात चकल्या, एकात कोळंबीचे सोडे. डब्यांचा रंग तरी आठवतो का? नाशिकला पोचलीस आणि डबे विसरलीस. उद्या या आजीलाही विसरशील. म्हणून तू म्हणालीस तशी ही रोजनिशी. मी बोलते, रंजना, तुझी आई, लिहिते. मला अक्षर येत नाही, पण तिचं पेन कधी थांबतं ते कळतं. थांबलं की समजायचं, मी तिच्याबद्दल बोलले आणि तिने गाळलं.

आता तुझ्या भावाचं. निलेशला गाडी घ्यायची आहे. (रंजना त्याला नुसतं नि. लिहिते. शाई वाचवते.) साधी गाडी नव्हे. मागे डिकी असलेली, लांब, बुटकी, परदेशी बनावटीची. नवी असती तर पन्नास लाख. जुनी म्हणून आपल्या होडीच्या पैशात बसते म्हणे. आत एक बटण आहे, ते दाबलं की गाडी गुरगुरते आणि सुसाट सुटते. मी म्हटलं, गुरगुरायला दारात कुत्रा आहे, तो फुकट गुरगुरतो.

होडी श्रावणात विकली हे तुला ठाऊक. तुझे आजोबा गेल्यावर ती दोन वर्षं किनाऱ्यावर उलटी पडून होती. तिचे नऊ लाख माझ्या नावावर आहेत. तुझा बाप मस्कतहून म्हणतो, आई म्हणेल तसं. बँकेत माझा अंगठा लागतो. तेव्हापासून नि. माझ्या अंगठ्याला फार जपतो. काल विळीवर बसले तर, "आजी, ऊठ, मी कापतो." जन्मात त्याने कांदा कापलेला नाही.

त्याला एवढंच सांगितलं. मी हात लावून बघितल्याशिवाय गाडी नाही. होडी एकदाच विकता येते.

ता. ५, बुधवार. पौर्णिमा

नि.ला न्हावा शेव्याच्या ऑफिसातून सुट्टी. पनवेलच्या वाटेवर जुन्या गाड्यांचं आवार आहे, तिकडे गेलो. पांढरी गाडी. विकणारा पोरगेला, काळा चष्मा, सावलीतही काढला नाही. ज्याचे डोळे दिसत नाहीत त्याच्याकडून मी कधी माल घेतला नाही.

"आजी, डॉक्टरांची गाडी आहे. आठवड्यातून एकदा दवाखान्यात जायची. चाळीस हजारच फिरलीय."

मी दार उघडून खाली बघितलं. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत, माझ्या पाट्यासारखं. स्टिअरिंगच्या चाकाचं चामडं डाव्या बाजूला काळं तुळतुळीत.

"डॉक्टरांना पाय किती होते रे बाबा?"

तो हसला. नि. हसला नाही. तेवढ्यावर मला कळलं, पोरगा अगदीच वाया गेलेला नाही.

घरी येताना गाल फुगवून बसला होता. मी म्हटलं, चाळीस वर्षं थळच्या बाजारात पाटी घेऊन बसले. शिळी मासळी वरून पाणी मारून चकचकीत करता येते. कल्ला उघडून दाखवा म्हटलं की तोंड बघायचं, माशाचं नव्हे, विकणाऱ्याचं.

ता. ६, गुरुवार

आज फक्त फोनवर फोटो. सतरा गाड्या दाखवल्या. फोटोत सगळीच पापलेटं ताजी.

एक लाल गाडी फारच स्वस्त. नि. म्हणतो, मालक परदेशी चाललाय, घाई आहे. मी विचारलं, दुरुस्तीची कागदं कुठे आहेत? तर म्हणे हरवली. गाडी सांभाळली, घर सांभाळलं, तेवढी कागदंच हरवली. पुढे बोलू नको म्हटलं.

ता. ९, रविवार

आज लांबडं लिहायचं आहे. रंजना, चहा करून बस.

किहीमकडे एका रिसॉर्टवाल्याची गाडी. निळी, गडद, भर समुद्रात पाणी दिसतं तशी. खरं सांगते प्राजे, बघताच आवडली. म्हणून लगेच संशय आला.

सोबत अन्वरमिस्त्रीला नेलं. तोच, आपल्या होडीचं इंजिन बघायचा. आता गाड्याही बघतो. त्याच्याकडे लॅपटॉपसारखं यंत्र आहे, ते जोडलं की गाडी आपली दुखणी सांगते म्हणे. माझ्या सुनेला जोडायला हवं. (पेन थांबलं.)

मालक पन्नाशीचा, गोड बोलणारा. "मावशी, बसा ना आत." बसले. मऊ सीट, अगदी खाली गेले, वर यायला निलेशचा हात लागला. पण आत अत्तराचा एवढा मारा! लग्नाला निघाल्यासारखा. मी म्हटलं, "शेठ, एवढा वास कशासाठी? काय झाकायचंय?"

"न्हाय हो मावशी, पाहुणे बसतात ना."

तुला होडीची गोष्ट आठवत नसेल, तुला काहीच आठवत नसतं. तुझ्या आजोबांनी उरणकडून जुनी होडी आणली तेव्हा तिला नवा कोरा निळा रंग होता. मी कोयत्याच्या मुठीने फळ्या वाजवून बघत होते. एका फळीचा आवाज बसका आला. म्हाताऱ्याला चार माणसांत लाज वाटली. "बायकांना होडीतलं काय कळतं?" घेतली. पहिल्या पावसाळ्याआधीच ती फळी किड्याने पोखरलेली निघाली. अख्खा हंगाम मी डब्याने पाणी उपसलं. त्यावर तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही, पण नंतर जाळं घेतानासुद्धा मला घेऊन जायचा.

तर मी थेट मागे गेले. डिकी उघडायला लावली. चटई नवी. ती उचलली. खाली पत्र्यावर पांढरी रेघ, बोटभर रुंद. भरती उतरल्यावर भिंतीला राहते तशी. आणि कडेला गंज.

निलेशचा चेहरा उतरला. अन्वर हळूच म्हणाला, "काकी, पाण्यात बुडालेली दिसते. पुरातली."

मालक म्हणाला, "पावसाचं पाणी गेलं असंल थोडं. डिकी उघडी राह्यली व्हती एकदा."

अन्वर खाली वाकला. सीट सरकते त्या लोखंडी पट्ट्या बघितल्या, स्वच्छ. सीटचे पट्टे टोकापर्यंत ओढून बघितले, चिखलाचा डाग नाही. मग बुडाली तर फक्त डिकीच कशी बुडाली?

मी नखाने ती पांढरी रेघ खरवडली आणि नाकाला लावली. निलेश म्हणाला, "आजी, शी!" तोपर्यंत माझी बोटं चटईच्या खाचेत गेली होती. काहीतरी कडक लागलं. बाहेर काढलं. खवलं. रुपयाएवढं.

मी ते उन्हात धरलं. "जिताडा. चार किलोच्या खालचा न्हाय."

मालक चटई परत अंथरायला लागला.

"शेठ, पावसाला खवलं कधीपासून यायला लागलं?"

मग सगळं बाहेर आलं. रिसॉर्टच्या पाहुण्यांना शनिवार-रविवार जिताडा लागतो. टेम्पो ऐन वेळी दगा द्यायचा, म्हणून दोन वर्षं हाच माणूस या पन्नास लाखांच्या गाडीतून बर्फाच्या पेट्यांत मासळी आणत होता. पेट्या गळायच्या. मिठाचं पाणी पत्र्यावर. वरून अत्तर.

"मावशी, सांगायला लाज वाटली हो. एवढी गाडी नि आत मासळी."

मी म्हटलं, लाज मासळीची वाटली, खोट्याची न्हाय वाटली?

ता. १०, सोमवार

अन्वर सकाळी येऊन बसला. त्याचं म्हणणं असं. इंजिन चांगलं. गिअर चांगले. यंत्राने पुढच्या अंगाला काही दुखणं दाखवलं नाही. डिकीचा पत्रा कापून नवा लावता येईल. पण या गाड्यांची बॅटरी पुढे नसते, मागे डिकीतच असते, आणि तिच्या शेजारून सगळ्या तारा जातात. मिठाचं पाणी तारांत शिरलं असेल तर आज दिसणार नाही. सहा महिन्यांनी दिसेल. दिसलं की दुरुस्तीचा आकडा ऐकून नि.च खाली बसेल.

"शिरलं असेल की न्हाय, तूच सांग."

"काकी, अल्ला जाने. मला शंभर टक्के सांगता यायचं न्हाय."

अख्ख्या आठवड्यात पहिला माणूस भेटला जो मला ठाऊक नाही असं म्हणाला. त्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

ता. ११, मंगळवार

मालक दीड लाख उतरला. पत्रा बदलूनही पैसे उरतात, नि. म्हणतो. रंजनाचं मत नको. तिने स्वतःच मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. नको. बघ, तिचं मत कसं गाळलं जात नाही.

मला मात्र माझाच संशय येतोय. ती डिकी उघडली तेव्हा अत्तराच्या खालून जो वास आला, तो होडीचा होता. ओल्या फळीचा, बर्फाचा, जाळ्याचा. दोन वर्षांत तो वास घरात आलेला नाही. बाकीच्यांनी नाक धरलं आणि मी तिथेच उभी राहिले. म्हणजे मला गाडी आवडली की वास आवडला? विकणाऱ्याने शंभर युक्त्या केल्या असत्या तरी ही युक्ती त्याला सुचली नसती. आणि मी तीत आपणहून सापडतेय.

रंजना म्हणते, हे लिहायचं का? लिही.

ता. १३, गुरुवार

नि. आज जेवताना बोलला. "आजी, तू नाही म्हणालीस ती प्रत्येक गाडी सोडली. हो कधी म्हणणार?"

मी म्हटलं, "तुला एवढी गाडी कशाला? ऑफिसला मोटरसायकल आहे."

त्याने भात चिवडला. मग म्हणाला, "होडी होती तेव्हा लोक आपल्या घराची खूण सांगायचे. निळ्या होडीवाल्यांचं घर. आता काय सांगतात माहिती आहे? ते, टाकीच्या पलीकडचं."

मी म्हटलं, "दारात उभी राहायला मी आहे की."

"तुला निळा रंग देऊ?"

मेला. अगदी आजोबांवर गेलाय.

ता. १५, शनिवार

सकाळी मालकाचा फोन. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे, अलिबागचं, आज संध्याकाळपर्यंत सांगा. नि. घाबरून माझ्याकडे धावत आला.

प्राजे, हे दुसरं गिऱ्हाईक मी चाळीस वर्षं सांभाळलं आहे. रोज सकाळी पाटीशेजारी उभं करायचे त्याला. "ताई, लवकर बोला, ती बाई मागतेय." ती बाई कधीच आली नाही. मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, "शेठ, त्याला देऊन टाका. चांगला माणूस आहे, मी ओळखते त्याला."

पलीकडे तो हसायला लागला. मग म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा काय करायचं."

ठरलं ते असं. उद्या पहाटे मालक स्वतः गाडी घेऊन येणार. नि. आणि अन्वर बसणार. पेट्रोल आपलं. कसाऱ्याचा घाट चढून थेट तुझ्या दारात, आणि त्याच दिवशी परत. वाटेत दिवे, काचा, पंखा, गाणी, सगळं सतत चालू ठेवायचं. तारांत मीठ असेल तर एवढ्या धावपळीत काहीतरी बोलेलच, असं अन्वर म्हणतो. नाही बोललं तर? तर सोमवारी बँक उघडते. अंगठ्याचं मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. रंजनालाही नाही, म्हणून ती आज वाकडं लिहितेय.

मी येत नाही. मला घाटात मळमळतं. आणि मी आत बसले तर त्या वासाचं ऐकेन.

हे सगळं रंजना आज फोटो काढून तुला पाठवेल. तू एवढं कर. गाडी दारात थांबली की निलेशला आधी घरात घे आणि तू एकटी बाहेर जाऊन उभी राहा. कुठला दिवा मिचमिचतो का बघ, कान दे, आणि मला फोन कर. त्याला सांगू नको.

आणि डबे. तिन्ही. आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत, हे तरी आठवत असेल. एकात मनुका, काळ्या, बी नसलेल्या. एकात तुझ्या सासूचे नाचणीचे पापड, कच्चे, मी इथे भाजेन. तिसऱ्यात तुला हवं ते, पण चिवडा नको, मला दात नाहीत. आणि डबे डिकीत ठेवू नको. निलेशच्या मांडीवर दे.